जोडबाराचा निकाल

राजेश्वर
९ मार्च २०२५

रत्नपाल,

शोभाबाई काल पत्रिका देऊन गेल्या. प्रेरणाचं लग्न अठरा मेला, रविवारी सकाळी, इथल्याच, राजेश्वरच्या विहारात. मुलगा बसवकल्याणचा, पोस्टात आहे म्हणे. पत्रिकेवर मुलीचा बाप म्हणून तुझं नाव ठळक छापलंय. मी आनंद झाला म्हटलं तर शोभाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुमी तरी लिहून बघा भावजी. ते येणार न्हाईत म्हणायलेत. पोरीसमोर कसं उभारू म्हणायलेत."

म्हणून हे पत्र. माझा फोन तू उचलत नाहीस, घर सोडून गुलबर्ग्याला एकटा राहतोस तिथं दोनदा येऊन गेलो तर खोलीला कुलूप. कुलूप आतून होतं की बाहेरून, ते मी बघितलं नाही असं समज.

अडीच वर्षं झाली. अपघात तो अपघात. आपल्या दोघांच्या बापांच्या काळापासून आपण दसऱ्याला माझ्या मळ्यात लिंबू पाडत आलो. सकाळी विहारातली वंदना आटोपून तू पांढऱ्या कपड्यांतच यायचास, मी आदल्या दिवशी बंदुकीची पूजा केलेली असायची आणि तू ठरलेलं वाक्य टाकायचास, "कुंकवानं नेम लागत न्हाई नरसू." पंचवीस पावलांवर कडुलिंबाच्या झाडाला दोऱ्यानं टांगलेलं लिंबू, दहा-दहा बार. साध्या छर्ऱ्याच्या बंदुका, पोरंसोरं जत्रेत फुगे फोडतात तसल्या. चाळीस वर्षांत कुणाला ओरखडा उठला नव्हता.

त्या वर्षी बरोबरी झाली, म्हणून जोडबार. एकच लिंबू, दोघांनी एकदम बार काढायचा आणि लिंबू कुणी फोडलं ते पुकारणाऱ्यानं सांगायचं. प्रेरणा पुकारायला झाडापासून दहा पावलं बाजूला उभी होती, नेहमीच्याच जागी. तिनं तीन म्हटलं, आपण बार काढला. झाडामागं नांगराचा लोखंडी तवा टांगलेला होता, त्यावर आपटून एक छर्रा उलटा आला. यात कुणाचा काय दोष?

दवाखान्यात फौजदारानं विचारलं तेव्हा तिनं तुझं नाव सांगितलं, आणि पुकारणाऱ्याचा शब्द शेवटचा, हे तू धरून बसलास. अरे, तेवीस वर्षांची पोर, डोळ्याला पट्टी, दुखण्यानं बेजार. अशा वेळी निघालेला शब्द एवढा मनाला लावून घ्यायचा असतो का?

ये. इंदूनं तुझ्यासाठी कारळाची चटणी करून ठेवली आहे.

नरसू

*

राजेश्वर
२३ मार्च २०२५

रत्नपाल,

तुझं कार्ड आलं. अडीच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. ओळी मात्र दोनच, 'तिनं पुकारलं. आता त्यावर बोलू नये.' तीस वर्षं तू पीटी शिकवलीस, पण हुकूम सोडायची सवय गेली नाही. मी गणिताचा मास्तर आहे, तुझ्या वर्गातला पोरगा नाही. बोलणार.

शोभाबाई परवा तुझ्याकडं येऊन गेल्या. काल आमच्या ओट्यावर बसून इंदूला सांगत होत्या, मी आत होतो. म्हणाल्या, तू उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून असतोस. स्वयंपाक पट्टी बांधून, बाजारात पट्टी बांधून. कामून, म्हणून त्यांनी विचारलं तर म्हणालास, "तिला जेवढं दिसायलंय तेवढंच मलाबी दिसू दे." भाजी चिरताना अंगठा कापून घेतलास, तेही सांगितलं. इंदू रडली. मी आतून हाक मारून चहा मागितला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

हा काय वेडेपणा आहे? डोळा बांधल्यानं तिचा परत येणार आहे का? मला राग आला आहे आणि तो तुझ्यावरच आला आहे, असं मी रात्रभर स्वतःला पटवत होतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तवा टांगलेला होता. टांगला मी. अपघाताच्या आदल्या वर्षी फुकट गेलेले छर्रे झाडामागच्या वाटेवर जाऊन पडले होते, म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या नांगराचा तवा मी तारेनं बांधला. तू बघितलास आणि म्हणालास, "नरसू, हे उलटं टाकंल. काढ ते." मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. "कोनाचं गणित मला शिकवायलास व्हय?" सगळे हसले. तूही हसलास आणि गप्प बसलास.

तेव्हा दोष द्यायचाच तर त्यात माझा वाटा मोठा आहे. हे मी कुणापुढंही कबूल करीन. पट्टी काढ आणि लग्नाला ये.

नरसू

*

राजेश्वर
१४ एप्रिल २०२५

रत्नपाल,

आज जयंतीची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. प्रेरणा पुढं होती, पांढऱ्या साडीत. विहाराकडं जाताना माझं घर तिच्या उजव्या हाताला येतं. पूर्वी ती इथून "काका" म्हणून ओरडल्याशिवाय पुढं जात नसे. आज सरळ गेली. मागून मोटारसायकल आली तेव्हा तिला अख्खी मान वळवून बघावं लागलं. फौजदार व्हायची होती. पहाटे शाळेच्या मैदानावर तू शिट्टी घेऊन उभा असायचास आणि ती पळायची, ते सगळं गाव बघायचं. पळण्यात पास झाली होती, लेखीही निघाली असती. आता बसवकल्याणच्या एका शाळेत तिसरीला शिकवते.

आज मला अठ्ठ्याण्णवचा दसरा आठवला. आदल्या वर्षी मी जिंकलो होतो, म्हणून पुकारायला माझ्या घरातलं माणूस. इंदू नवी नवरी. तुझ्या बापानं, ज्ञानोबाकाकांनी, तिला झाडाजवळ नेऊन रीत समजावली, "सुनबाई, पुकारणारं माणूस जितलेल्या घरचं. अन् संशय आला की निकाल आपल्या घराच्या उलटा द्यायचा. मग भांडण होत न्हाई." जोडबार झाला, लिंबू फुटलं, इंदूला काही कळलं नाही. तिनं रीतीप्रमाणं तुझं नाव घेतलं. तू बंदूक खाली ठेवलीस आणि म्हणालास, "न्हाई वहिनी. माझा बार वर गेलाय, मला ठाव हाय. लिंबू नरसूचं."

तेव्हापासून रीतीला दुसरा भाग जोडला गेला. पुकारणाऱ्यानं आपल्या घराच्या उलटं पुकारायचं, आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं पुढं होऊन दुरुस्त करायचं. हा भाग तू घातलास. त्या दिवशी जेवताना ज्ञानोबाकाकांनी आपल्या ताटातली पोळी तुझ्या ताटात टाकली. मला तुझा हेवा वाटला होता. जिंकलो मी होतो आणि मला तुझा हेवा वाटला.

अपघाताआधी सलग सहा वर्षं तू जिंकत होतास. शाळेतली पोरं मला विचारायची, "सर, औंदा तरी?" हसायला लागायचं. समर्थ, माझा पोटचा पोरगा, तोही तुझ्या बाजूनं टाळ्या वाजवायचा.

छर्रे एकाच डब्यातले वापरायचे, हा नियम तुला सांगायला नको. त्या दिवशी माझ्या खिशात दुसरा डबा होता. हैदराबादहून आणला होता, महागाचा. तांब्याचा मुलामा दिलेले, जास्त कडक, जास्त सरळ जाणारे छर्रे. पहिल्या बारापासून मी तेच घालत होतो. बरोबरी कशी झाली असं तुला त्या वेळी वाटलं असेल. तर अशी झाली.

*

राजेश्वर
३ मे २०२५

रत्नपाल,

चौदा एप्रिलचं पत्र मी टाकलंच नव्हतं. ते याच पाकिटात आहे. आधी ते वाच, मग हे. पाकिटात कापसात गुंडाळलेली एक छोटी प्लास्टिकची बाटली पण आहे. ती उघडण्याआधी हे वाचून घे.

काल मी बसवकल्याणला जाऊन प्रेरणाला भेटलो. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली होती, ती रिकाम्या वर्गात उरलेल्या वह्या तपासत होती. लहान बाकावर मी गुडघे वर घेऊन बसलो. मी तिथं का गेलो ते खरं सांगतो. तिला सांगून टाकावं, ती पोर आहे, मनानं मोठी आहे, जाऊ द्या काका म्हणेल, आणि मग तुला लिहायची गरज राहणार नाही. एवढाच हिशेब होता.

अपघाताच्या दिवशी बिदरच्या दवाखान्यात तू भिंतीला टेकून खाली बसला होतास, शोभाबाई तुला पाणी पाजत होत्या. नर्सनं बाहेर येऊन विचारलं, घरचं कोण आहे. मी पुढं झालो. तिनं डोळ्यातून काढलेला छर्रा या बाटलीत घालून माझ्या हातात दिला. दबलेला होता, पण रंग राहिला होता. तांबूस. तुझे सगळे शिशाचे, करडे. मी बाटली खिशात घातली. खिशात डबाही होता, दोन्ही एकमेकांवर वाजले.

त्यानंतर फौजदार आला. प्रेरणा शुद्धीवर आली होती, त्यानं तिच्या खाटेजवळ जाऊन विचारलं, बार कुणाचा. मी पडद्याच्या अलीकडं उभा होतो. ती म्हणाली, "अप्पांचा." फौजदारानं लिहून घेतलं. स्वतःचा बाप, तक्रार नाही, विषय संपला. एक पाऊल टाकून पडदा बाजूला सारायचा होता. मी तो सारला नाही.

केसची भीती वाटली, हे खरं आहे. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. नुसता छर्रा माझा आहे म्हटलं असतं तर लोकांनी अपघात म्हणून सोडून दिलं असतं. पण रंग कसा वेगळा, हे सांगावं लागलं असतं. गणिताचा मास्तर दसऱ्याच्या लिंबासाठी लबाडी करतो, हे गावाला कळलं असतं. माझ्या मित्राच्या पोरीचा डोळा गेला होता आणि मला डब्याची लाज वाटत होती. अडीच वर्षं मी हे वाक्य मनातसुद्धा पुरं म्हटलं नव्हतं.

तर काल मी तिला सगळं सांगितलं. ती लाल पेन हातात तसंच धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मला ठाव हाय काका."

मी म्हटलं, तुला दिसलं होतं?

"छर्रा येताना कुणाला दिसतो? मला कायबी दिसलं न्हाई. फौजदारानं विचारलं तवा मला खरंच ठाव नव्हतं. आजोबांनी शिकवलं तसं पुकारलं. संशय आला की आपल्या घराच्या उलटं. ज्याला ठाव हाय त्यो पुढं येईल म्हणून." तिनं पेन वहीवर ठेवलं. "पडदा जमिनीपर्यंत नव्हता काका. मी कुशीवर होते. एका डोळ्यानं खाली तुमचे पाय दिसायलते. तुमची ती तपकिरी चप्पल. मी अप्पांचं नाव घेतलं अन् तुमचे पाय दोन पावलं मागं गेले. तवा कळलं छर्रा कुणाचा."

रत्नपाल, मला माझे पाय मागं गेलेले आठवत नाहीत. पण ती खोटं पुकारणार नाही, हे तुला आणि मला ठाऊक आहे.

मी विचारलं, मग अप्पांना का नाही सांगितलंस. तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "सांगितलं न्हाई व्हय? चार डाव सांगितलं. अप्पा, मला दिसलं नव्हतं, म्हणलं. तर म्हणायचे, बापाची समजूत घालायलीस. तुमचं नाव घेतलं असतं तर म्हणले असते, बापाला वाचवायला काकावर घालायलीस. माझ्या शब्दाला आता किंमत न्हाई काका. एकदा पुकारलं की पुकारलं. दुरुस्त दुसऱ्यानंच करायचं असतंय." मग तिनं वह्यांची चळत नीट केली. "पहिलं सालभर मी तुमची वाट बघितली. दसऱ्याला बन्नीचं सोनं द्यायला तुमी घरी आलात, तवाबी वाटलं, आज सांगतेत. पाटावर बसून चिवडा खाऊन गेलात."

खाल्ला होता. दुसऱ्यांदा मागूनही घेतला होता.

निघताना मी हात जोडले. ती म्हणाली, "माझ्याकडं नका मागू. अप्पांना लिहा. अन् लग्नाला अप्पा आले तर तुमी येऊ नका. त्यांना एका दिवशी दोन गोष्टी झेपायच्या न्हाईत."

म्हणून लिहितो, आणि रीतीप्रमाणं लिहितो. निकाल चुकीचा आहे. छर्रा माझा होता. तवा माझा, डबा माझा, छर्रा माझा. तुझा बार त्या दिवशी कुठं गेला तेही सांगतो. गेल्या आठवड्यात मी कडुलिंबाच्या झाडाची साल चाकूनं उकरली. दोरा बांधायचो त्याच्या एक वीत खाली, खोडात, करडा छर्रा रुतलेला आहे. तो मी काढला नाही. येऊन बघायचा असेल तर बघ, मळ्याच्या फाटकाला कुलूप नाही.

तू काही केलेलं नाहीस, रत्नपाल. अडीच वर्षं तू माझं ओझं वाहिलंस आणि मी तुला पत्रातून धीर देत होतो. पट्टी काढ. पोरीजवळ जाऊन उभा राहा. तिनं तुझं नाव घेतलं ते तुझ्यावर राग होता म्हणून नाही. तू आणि तुझ्या बापानं शिकवलेलं ती दुखण्यातसुद्धा विसरली नाही.

इंदूला आज सकाळी सांगितलं. ती देवघरातून बंदूक घेऊन गेली आणि पत्र्याच्या पेटीत टाकून आली. जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. उद्या मी पोलीस ठाण्यात जाऊन हे सगळं लेखी देणार आहे.

माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागतो, कारण मागितल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही.

नरसिंह

*

राजेश्वर
१९ मे २०२५

रत्नपाल,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही, हे धरून चाललो आहे. ठाण्यातल्या माणसानं माझा कागद वाचला, जुनं प्रकरण आहे, घरच्यांची तक्रार असेल तर बघू म्हणाला आणि फाइलला लावून ठेवला. तक्रार करायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुठं जात नाही.

काल इंदू एकटीच लग्नाला गेली. मी प्रेरणाचं ऐकलं. दाराच्या आत खुर्ची टाकून बसलो होतो, कारण विहाराची वाट इथूनच जाते आणि तेवढं मला कुणी मना केलं नव्हतं.

नऊच्या गुलबर्गा गाडीतून तू उतरलास. मी चालण्यावरून ओळखलं. पांढरा सदरा, पांढरं धोतर, बापाचं धोतर तू पहिल्यांदाच नेसलेलं बघितलं. बारीक झाला आहेस. केस सगळे पांढरे. शोभाबाई फाट्यापर्यंत आल्या होत्या, त्या तुझ्या डाव्या बाजूनं चालत होत्या. तुझ्या अंगठ्यावरचा व्रणसुद्धा मला दिसला, इतक्या जवळून गेलास.

प्रेरणा नवरीच्या साडीतच समोरून पळत आली. पूर्वी मैदानावर पळायची तशी नाही, एक हात पुढं धरून, वाट चाचपल्यागत. तू थांबलास. माझ्या दारासमोरच थांबलास. तिनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला, पट्टी बांधायचास तिथली कातडी फिकट पडली आहे तिथं. तू म्हणालास, "लई पळू नको, पडशील." तिनं तुझा हात धरला आणि तुला विहाराकडं घेऊन गेली.

मी खुर्चीतून उठलो होतो. माझ्या नकळत उठलो आणि उंबऱ्यापर्यंत आलो. ते तुला कळलं असणार, पाच पावलांवर होतास.

पट्टी नव्हती. दोन्ही डोळे उघडे होते, आणि त्यातल्या एकानंही तू माझ्याकडं बघितलं नाहीस.

नरसिंह